दुकानातला दवाखाना : नियमन कोणासाठी?

३० एप्रिल २०२४ रोजी वॉलमार्ट या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या किरकोळ विक्री कंपनीने एक छोटेखानी निवेदन काढले. पाच राज्यांतील आपल्या दुकानांना जोडून चालविलेले सर्वच्या सर्व ५१ दवाखाने कंपनी बंद करीत आहे. सेवेपोटी मिळणारा मोबदला पुरत नाही, चालविण्याचा खर्च वाढत आहे, सबब हा व्यवसाय टिकणारा नाही, असा त्याचा आशय होता. यातील पहिला दवाखाना जॉर्जिया राज्यातील डॅलस या गावी २०१९ साली मोठ्या गाजावाजाने उघडला होता. अवघ्या पाच वर्षांत साऱ्या मांडणीवर पडदा पडला.

असल्या बातम्यांचे मराठी करणे हे माझे रोजचे काम आहे. या विषयावरील इंग्रजी मजकुरात आजारी माणसाला जागोजागी ‘कन्झ्युमर’ म्हटलेले असते. मी प्रथम ‘रुग्ण’ असे लिहिले. मग ते मुळाला धरून नाही म्हणून खोडले आणि ‘ग्राहक’ असे लिहिले. कच्चा मसुदा वाचून आमच्या विभागातील एक ज्येष्ठ कॉम्रेड म्हणाले, “म्हणजे अखेर तिथल्या डॉक्टरांचेच खरे ठरले म्हणायचे. दुकानदारांच्या हाती दवाखाने देऊ नका, असे ते वीस वर्षे ओरडत होते.”

त्यांचे म्हणणे वरवर पाहता बिनतोड आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांची पहिली प्रतिक्रिया अशीच असेल. एका बाजूला अजस्र कंपनी, दुसऱ्या बाजूला गल्लीतला डॉक्टर. मक्तेदारी भांडवल विरुद्ध लहान व्यावसायिक. २०१२ साली किरकोळ व्यापारात परकीय भांडवलाला दार उघडण्यात आले तेव्हा आपण लहान दुकानदारांच्या बाजूने रस्त्यावर उतरलो होतो. मग येथे डॉक्टरांच्या बाजूने का नाही?

हा प्रश्न नीट तपासून पाहिला पाहिजे. कारण हीच लढत निराळ्या वेषात आपल्याकडेही सुरू झालेली आहे, आणि तयारी नसेल तर आपण कोणाच्या तरी मागे फरफटत जाऊ.

गरजेतून जन्म, नफ्यासाठी वाढ

दुकानी दवाखान्यांचा जन्म २००० साली मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस–सेंट पॉल या जुळ्या शहरांत झाला. एका किराणा दुकानांच्या साखळीत ‘क्विकमेडएक्स’ नावाची छोटी केंद्रे थाटण्यात आली. घसा दुखणे, कान दुखणे, मूत्रमार्गाचा दाह, लस टोचणे अशी मोजकी कामे. वेळ ठरवून येण्याची अट नाही. आणि कोणत्या कामाला किती पैसे याचा फलक उपाहारगृहातील दरपत्रकासारखा भिंतीवर लावलेला. तपासणारी व्यक्ती बहुधा डॉक्टर नव्हे, तर नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पुढचे उच्च शिक्षण घेतलेली व रोग तपासून औषध लिहून देण्याचा परवाना असलेली परिचारिका. पुढे या केंद्रांचे नाव ‘मिनिटक्लिनिक’ झाले. २००६ साली सीव्हीएस या औषध दुकानांच्या प्रचंड साखळीने ती विकत घेतली. २००७ साली वॉलग्रीन्स या प्रतिस्पर्धी साखळीनेही असाच एक उद्योग खरेदी केला. वॉलमार्टनेही त्याच वर्षी जागा भाड्याने देऊन शेकडो दवाखाने उघडण्याची घोषणा केली. पुढच्या काही वर्षांत देशभरातील अशा दवाखान्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या सीव्हीएसच्या ताब्यात होते.

हा प्रकार केवळ जाहिरातबाजीने फोफावला असे समजणे चूक ठरेल. त्यामागे खरी गरज होती. २००७ साली अमेरिकेत सुमारे साडेचार कोटी लोकांपाशी कसलाही आरोग्यविमा नव्हता. ज्यांच्यापाशी होता त्यांनाही डॉक्टरची वेळ मिळण्यास दिवसचे दिवस लागत. संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी मुलाचा कान दुखू लागला तर उरे तो इस्पितळाचा आपत्कालीन विभाग. तेथे तासन्‌तास खोळंबा आणि शेवटी छाती दडपून टाकणारे बिल. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मिनेसोटातील एका अभ्यासाने तीन साध्या दुखण्यांच्या उपचारांचा एकूण खर्च पडताळून पाहिला. दुकानी दवाखान्यात सरासरी ११० डॉलर, डॉक्टरच्या दवाखान्यात १६६ डॉलर आणि आपत्कालीन विभागात ५७० डॉलर! उपचाराचा दर्जा मात्र दुकानी दवाखान्यात डॉक्टरांच्या तुलनेत कमी आढळला नाही. त्याआधीच्या वर्षीच्या दुसऱ्या एका पाहणीत असे दिसले होते की, या दवाखान्यांत येणाऱ्या दर पाचांपैकी तिघांना नेहमीचा असा डॉक्टरच नव्हता.

हे आकडे प्रथम नमूद करण्याचे कारण उघड आहे. ज्या व्यवस्थेत दिवसभर काम करणाऱ्या बाईला आपल्या मुलाचा घसा रात्री आठ वाजता दाखविण्याची एकमेव सोय दुकानातील साबणाच्या रांगेशेजारी मिळते, त्या व्यवस्थेत तिने तेथे जाऊ नये असा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तो प्रथम त्याने मिळवावा लागतो.

डॉक्टरांचे आक्षेप

डॉक्टरांच्या संघटनांनी हा उपदेश करण्यास विलंब लावला नाही. बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००६ मध्येच मुलांसाठी असले दवाखाने अयोग्य असल्याचे जाहीर केले आणि २०१४ साली त्या भूमिकेचा पुनरुच्चार केला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २००६ साली दुकानी दवाखान्यांसाठी तत्त्वे ठरविली : उपचारांची व्याप्ती मर्यादित असावी, डॉक्टरची देखरेख असावी, रुग्णाला त्याच्या नेहमीच्या डॉक्टरकडे पाठविण्याची व्यवस्था असावी. पुढल्याच वर्षी तिने मागणी केली की, औषध विकणारी साखळी आणि औषध लिहून देणारा दवाखाना यांच्या भागीदारीत हितसंबंधांचा संघर्ष आहे काय, याची सरकारी यंत्रणांनी चौकशी करावी. २०१० साली कुटुंबवैद्यांच्या अकादमीने मधुमेह, रक्तदाब यांसारख्या जुनाट व्याधींचे उपचार दुकानात करण्यास विरोध नोंदविला.

या आक्षेपांपैकी तिहींमध्ये निश्चित तथ्य आहे, आणि ते उघडपणे मान्य केले पाहिजे.

पहिला आक्षेप उपचारांच्या सातत्याचा. कान दुखण्यावर औषध देणे सोपे आहे. परंतु त्याच मुलाचा कान वर्षातून पाचव्यांदा दुखत आहे हे कोणाच्या तरी ध्यानात असावे लागते. माणूस म्हणजे सुट्या सुट्या तक्रारींचे गाठोडे नव्हे.

दुसरा आक्षेप औषध लिहिणारा आणि औषध विकणारा एकाच मालकाचे असण्याचा. औषधाची चिठ्ठी लिहिली जाते त्या टेबलापासून वीस पावलांवर त्याच कंपनीचा गल्ला. परिचारिका कितीही प्रामाणिक असली तरी मालकाने ही मांडणी कशासाठी केली, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. याच दुकानांत सिगारेटीही विकल्या जात होत्या. दम्याची तपासणी आणि तंबाखूची विक्री एका छपराखाली! सीव्हीएसने २०१४ साली तंबाखूची विक्री थांबविली. तोवर कंपनीला या विसंगतीचा काही त्रास झालेला दिसत नाही. इतर बड्या साखळ्यांनी तेव्हा तिचा कित्ता गिरवला नाही.

तिसरा आक्षेप सायीचा. सोपी, झटपट आणि फायद्याची दुखणी दुकानाने उचलायची आणि वेळखाऊ, गुंतागुंतीची, तोट्याची दुखणी डॉक्टरकडे व सार्वजनिक इस्पितळांकडे ढकलायची, ही भांडवलाची जुनी चाल आहे. दूध कोणीही तापवावे, साय मात्र आमची.

एवढे मान्य केल्यावर आमच्या ज्येष्ठ कॉम्रेडचे म्हणणे खरे ठरत नाही काय? नाही. कारण आक्षेप खरा असणे वेगळे आणि आक्षेप घेणाऱ्याची मागणी जनहिताची असणे वेगळे.

हे पहारेकरी कोण?

किराणा दुकानदार आणि डॉक्टर यांच्यात एक मूलभूत फरक आहे. किराणा दुकानदाराला कोणी सनद दिलेली नसते. शेजारी दुसरा दुकानदार येऊन बसला तर तो त्याला कायद्याने उठवू शकत नाही. डॉक्टरला मात्र शासनाने परवाना दिलेला असतो, आणि त्या परवान्याचा अर्थच मुळी असा की, इतर कोणी ते काम करू नये. भोंदूंपासून जनतेचे रक्षण करण्यासाठी हा परवाना आवश्यक आहे, यात शंका नाही. पण रक्षणासाठी उभारलेली भिंत ज्यांच्या ताब्यात असते ते तिचा उपयोग आपले कुंपण म्हणूनही करतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे.

१९३७ साली वॉशिंग्टन शहरातील सरकारी नोकरांनी ‘ग्रूप हेल्थ असोसिएशन’ नावाची सहकारी आरोग्यसंस्था स्थापन केली. सभासदांनी दरमहा वर्गणी द्यावयाची आणि संस्थेने पगारी डॉक्टर नेमून सर्वांवर उपचार करावयाचे, अशी ही योजना होती. दुकान नाही, नफा नाही, तंबाखू नाही! तरीही मेडिकल असोसिएशनने व तिच्या स्थानिक शाखेने संस्थेच्या डॉक्टरांवर बहिष्कार घातला. शहरातील इस्पितळांची दारे त्यांना बंद करविली. हे प्रकरण न्यायालयात गेले आणि व्यापाराला बेकायदा अडथळा आणल्याबद्दल झालेली असोसिएशनची शिक्षा १९४३ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अध्यक्ष ट्रुमन यांनी सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना मांडली. ती हाणून पाडण्यासाठी असोसिएशनने आपल्या सभासदांवर प्रत्येकी २५ डॉलरची पट्टी बसविली, कॅलिफोर्नियातील एक प्रचारकंपनी भाड्याने घेतली आणि एकट्या १९४९ या वर्षात सुमारे पंधरा लाख डॉलर उधळले. ‘समाजवादी वैद्यक’ हा बागुलबुवा तेव्हाच घरोघरी पोहोचविण्यात आला. १९६१ साली वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याची चर्चा सुरू होताच याच संघटनेने रोनाल्ड रेगन नामक नटाच्या आवाजात समाजवादी वैद्यकाविरुद्धची ध्वनिमुद्रिका काढून डॉक्टरांच्या पत्नींकरवी चहापानाच्या बैठकांतून वाजविली. मेडिकेअरचा कायदा १९६५ साली झाला तो या विरोधाला न जुमानता.

आता विचार करा. सहकारी दवाखाना नको, सरकारी विमा नको, आणि दुकानी दवाखानाही नको. मग हवे तरी काय? एकच गोष्ट सातत्याने हवी होती : रुग्णाने डॉक्टरच्या दारात यावे आणि डॉक्टर मागेल ती फी द्यावी. दुकानी दवाखान्यांना ज्या रिकाम्या जागेत शिरकाव मिळाला, ती जागा रिकामी ठेवण्यात डॉक्टरांच्या या संघटनेचा मोठा वाटा आहे. सार्वजनिक आरोग्यसेवेची वाट पंचवीस वर्षे अडवून धरली, तेव्हा त्या वाटेवर पुढे दुकाने उभी राहिली.

हितसंबंधांच्या संघर्षाविषयीही असेच. डॉक्टर आपल्याच मालकीच्या प्रयोगशाळांत रुग्ण पाठवितात, या प्रकाराला आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या संसदेला १९८९ साली कायदा करावा लागला. औषध दुकानाच्या मालकीवर बोट ठेवणारा हात स्वतः स्वच्छ होता असे नव्हे.

परिचारिका शत्रू नव्हे

डॉक्टरांच्या मागण्यांतील ज्या अटी सर्वांत आग्रहाने पुढे केल्या गेल्या त्या परिचारिकांच्या अधिकारासंबंधी होत्या. एका डॉक्टरने किती परिचारिकांवर देखरेख करावी, डॉक्टरच्या सहीवाचून तिला कोणते औषध लिहिता यावे, तिने कोणता रोग ‘पाहू’ नये. नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी सुरू केले. जेथे डॉक्टर जात नाहीत अशा वस्त्यांतील मुलांना आरोग्यसेवा मिळावी, हा त्याचा हेतू होता. आज अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत या परिचारिकांना डॉक्टरच्या देखरेखीविना काम करण्याची पूर्ण मुभा आहे. असोसिएशन मात्र तिला ‘अतिक्रमण’ मानून आजही प्रत्येक राज्याच्या विधिमंडळात तिच्याविरुद्ध लढत आहे.

येथे आपली भूमिका गोंधळाची असता कामा नये. परिचारिका ही श्रमिक आहे. दुकानाचा मालक तिला डॉक्टरपेक्षा कमी पगारात राबवितो म्हणून तिच्या कौशल्यावर संशय घेणे, हे संपफोड्या मालकाऐवजी बदली कामगाराला दगड मारण्यासारखे आहे. साध्या दुखण्यांत तिचे काम डॉक्टरच्या तोडीचे ठरते हे वर दिलेल्या अभ्यासात आलेच आहे. प्रश्न तिच्या योग्यतेचा नाही. ती कोणाच्या हुकमाने, किती मिनिटांत किती रुग्ण उरकते, हा आहे. त्या दुकानांतील कामाचे ओझे काय असते ते सप्टेंबर २०२३ मध्ये दिसून आले. कॅन्सस शहर परिसरातील सीव्हीएसच्या औषधनिर्मात्यांनी अपुरे मनुष्यबळ आणि त्यामुळे रुग्णांच्या जिवाला होणारा धोका यांच्या निषेधार्थ काम थांबविले. पाठोपाठ ऑक्टोबरात वॉलग्रीन्सच्या कर्मचाऱ्यांनीही अनेक ठिकाणी तेच केले. रुग्णाच्या सुरक्षिततेविषयीचा सर्वांत प्रामाणिक आवाज कोणत्याही संघटनेच्या मसुद्यातून नव्हे, तर काउंटरच्या मागून उमटला.

नियम झाले, कोणासाठी?

दुकानी दवाखान्यांच्या नियमनाची लढाई राज्याराज्यांतून झाली. मॅसॅच्युसेट्सच्या सार्वजनिक आरोग्य परिषदेने जानेवारी २००८ मध्ये ‘मर्यादित सेवा दवाखाने’ या नावाखाली त्यांना परवानगी देणारे नियम संमत केले. उपचारांची व्याप्ती सीमित. अगदी लहान बालकांवर उपचार नाहीत. आणि ज्याला नेहमीचा डॉक्टर नाही त्याला नवे रुग्ण घेणाऱ्या डॉक्टरांची यादी द्यावयाची. बोस्टनचे तत्कालीन महापौर थॉमस मेनिनो यांनी मात्र, आजारी माणसांवर व्यापाऱ्यांनी पैसा कमविणे चूक आहे, अशी रोखठोक भूमिका घेतली. त्याच वर्षी इलिनॉय राज्यात एक अधिक कडक विधेयक आले : तंबाखू अगर मद्य विकणाऱ्या दुकानात दवाखाना नको, त्याच्या फीची तुलना करणारी जाहिरात नको. त्यावर फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी लेखी हरकत घेतली. अशा अटी स्पर्धेला मारक आहेत व दुकानी दवाखान्यांना विनाकारण जाचक आहेत, असे त्यांचे म्हणणे. ते विधेयक कायद्यात उतरले नाही.

या दोन अटींकडे पुन्हा पाहा. तंबाखूच्या दुकानात दवाखाना नको, ही अट रुग्णाच्या हिताची आहे. फीची तुलना करणारी जाहिरात नको, ही अट डॉक्टरच्या हिताची आहे. दोन्ही एकाच विधेयकात, एकाच ‘रुग्णहिता’च्या आवरणात गुंडाळलेल्या. आणि समोरचा केंद्रीय आयोग दोन्हींना एकाच ‘स्पर्धे’च्या तराजूत तोलून हरकत घेतो. एकाच्या तोंडी रुग्ण, दुसऱ्याच्या तोंडी ग्राहक. आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे त्या कष्टकऱ्याला ना परिषदेत जागा, ना आयोगात.

ज्या स्पर्धेची एवढी काळजी वाहिली गेली तिचे पुढे काय झाले? सीव्हीएसने २०१८ साली एट्ना ही प्रचंड विमा कंपनी सुमारे ७० अब्ज डॉलरना विकत घेतली. विमा त्याचाच, दवाखाना त्याचाच, औषधाचे दुकानही त्याचेच. २०२३ साली ॲमेझॉनने ३.९ अब्ज डॉलर मोजून ‘वन मेडिकल’ ही दवाखान्यांची साखळी घेतली. स्पर्धेच्या बीजातून मक्तेदारीचे झाड उगवते, हे आपल्या अभ्यासवर्गात शिकविले जाणारे वाक्य एवढ्या स्वच्छ स्वरूपात क्वचितच पाहावयास मिळते.

भांडवलाची ही लाट डॉक्टरच्या घरातही शिरली आहे. असोसिएशनच्याच पाहणीनुसार स्वतंत्र खासगी व्यवसायात असलेल्या डॉक्टरांचे प्रमाण २०१२ साली ६० टक्के होते; २०२४ पर्यंत ते सुमारे ४२ टक्क्यांवर घसरले. उरलेले इस्पितळांचे व कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. ज्यांनी सार्वजनिक सेवेतील पगाराला गुलामगिरी म्हणून हिणवले, त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला भागधारकांची चाकरी आली. म्हणूनच डॉक्टरांमध्येही फूट पडत आहे. ‘राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमासाठी डॉक्टर’ ही संघटना १९८७ पासून सर्वांसाठी सरकारी आरोग्यविम्याची मागणी करीत आहे. जून २०१९ मध्ये असोसिएशनच्या प्रतिनिधी सभेत या मागणीला असलेला जुना विरोध सोडून द्यावा, असा प्रस्ताव आला. तो ४७ विरुद्ध ५३ टक्क्यांनी पडला. पडला खरा, पण १९४९ ची आठवण ठेवली तर हे ४७ टक्के क्षुल्लक नाहीत.

जे कोणीही विचारले नाही

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. दुकानी दवाखान्यांनी गरिबाची सोय केली काय? २००९ साली अशा दवाखान्यांचा नकाशा तपासण्यात आला तेव्हा असे दिसले की, ज्या वस्त्यांत डॉक्टरांची चणचण आहे तेथे ते कमी आणि सुखवस्तू वस्त्यांत अधिक आहेत. २०१६ च्या एका अभ्यासात निष्पन्न झाले की, किरकोळ दुखण्यांसाठीच्या या भेटींपैकी ५८ टक्के भेटी मुळात नव्या होत्या. म्हणजे दुकान नसते तर ते लोक कोठेच गेले नसते, आणि एकूण खर्च कमी न होता दरमाणशी वर्षाला १४ डॉलरने वाढला. यातील काहींना खरोखर उपचारांची गरज असेल, काहींना नसेल. दुकानाच्या हिशेबात दोघेही विक्रीच.

आणि मग बंद होण्याची पाळी आली. वॉलमार्टचे आपण पाहिलेच. वॉलग्रीन्सने २०२१ साली आपल्या दुकानांना जोडून डॉक्टरी दवाखाने काढणाऱ्या ‘व्हिलेजएमडी’ या कंपनीत ५.२ अब्ज डॉलर ओतले आणि २०२४ च्या मार्चमध्ये त्याच गुंतवणुकीपोटी ५.८ अब्ज डॉलरची घट हिशेबात दाखवून सुमारे १६० दवाखाने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी सीव्हीएसनेही दक्षिण कॅलिफोर्नियातील पंचवीसेक दवाखाने मिटविले.

राज्याराज्यांतील नियमांवर एवढा काथ्याकूट झाला : देखरेख किती, जाहिरात कोणती, यादी कशी. पण दवाखाना बंद करताना कोणाची परवानगी घ्यावी, उपचार चालू असलेल्या रुग्णांचे काय करावे, त्या वस्तीला पर्याय कोण देईल, हा प्रश्न त्या वादाच्या केंद्रस्थानी कधी आलाच नाही. कंपनीला तो नको होता हे उघड आहे. डॉक्टरांच्या संघटनांनाही नको होता. कारण दवाखाना उघडण्यामिटण्याची मालकाची मुभा ही त्यांचीही मुभा आहे. त्या एका मुद्द्यावर दोन्ही पक्षांत कसलाही मतभेद नव्हता.

म्हणून आमच्या ज्येष्ठ कॉम्रेडला माझे उत्तर असे की, डॉक्टरांचे खरे ठरले नाही. दुकान वाईट असल्याचे त्यांनी सांगितले ते खरे. पण त्याच्या जागी काय असावे, हे सांगण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्याच दाराकडे बोट दाखविले. २०२३ साली त्या देशात अडीच कोटींहून अधिक लोक विम्याविना होते. त्यांच्यासाठी दुकानाचे दार आणि डॉक्टरचे दार, दोन्ही गल्ल्याच्याच दिशेने उघडतात.

आपल्या दारात

हा सारा प्रपंच परदेशाचा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. आपल्याकडे रिलायन्सने २०२० साली नेटमेड्स घेतले, टाटांनी २०२१ साली वनएमजी घेतले. अपोलो समूहाची औषध दुकाने, दवाखाने आणि इस्पितळे एकाच झेंड्याखाली चालतात. औषध विकणारा उद्या नाडीही पाहणार, हे भाकीत करण्यास ज्योतिषी नको. आपल्याकडील डॉक्टरांच्या संघटना तेव्हा काय म्हणतील याचीही चुणूक मिळालेली आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातील ३२ व्या कलमाने मर्यादित परवान्याचे ‘समुदाय आरोग्य सेवक’ नेमण्याची तरतूद केली, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने ३१ जुलै रोजी देशव्यापी काम बंद केले. अर्धवट प्रशिक्षणाच्या भीतीत तथ्य होते. परंतु खेड्यात मग कोण जाणार, याचे उत्तर त्या आंदोलनात नव्हते. पुढे २१ मार्च २०२३ रोजी राजस्थान विधानसभेने आरोग्याच्या हक्काचे विधेयक संमत केले. आपत्कालीन स्थितीत पैसे आधी न मागता उपचार करावेत, ही त्यातील मध्यवर्ती तरतूद. खासगी डॉक्टरांनी त्याविरुद्ध दोन आठवड्यांहून अधिक काळ आंदोलन केले आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या, सरकारी सवलत न घेतलेल्या खासगी इस्पितळांना वगळण्याचे आश्वासन घेऊनच ४ एप्रिलला ते थांबविले. अमेरिकेतील १९४९ आणि जयपूरमधील २०२३ यांत अंतर वर्षांचे आहे, स्वभावाचे नाही.

तेव्हा आपली दिशा काय? कंपनीच्या दवाखान्यावर कडक बंधने हवीतच : लिहिणारा आणि विकणारा वेगळा असावा, नोंदी रुग्णाच्या हाती असाव्यात, बंद करण्यापूर्वी जाहीर सूचना आणि पर्यायी सोय असावी. पण ती बंधने घालणाऱ्या मंडळांवर केवळ डॉक्टरांचे प्रतिनिधी असता कामा नयेत. परिचारिका, औषधनिर्माते, आशा कार्यकर्त्या, कामगार संघटना आणि रुग्ण यांना तेथे बरोबरीची जागा मिळाली पाहिजे. पगारी तरुण डॉक्टर आज आपल्या संघटनांच्या दाराशी येत आहे. त्याला मालक डॉक्टरच्या पंक्तीला ढकलून न देता जवळ केले पाहिजे. आणि या सर्वांच्या मुळाशी एकच मागणी असली पाहिजे : वस्तीत, पायी जाण्याच्या अंतरावर, संध्याकाळीही उघडा असणारा सरकारी दवाखाना. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे भोर समितीने १९४६ साली या देशाला सांगितले होते. ती मागणी ज्या दिवशी आपण पोस्टरावरून काढू त्या दिवशी कोणते ना कोणते दुकान तिची जागा घेईल.

मसुद्यातला तो शब्द मी शेवटी बदलला. ‘ग्राहक’ खोडून ‘रुग्ण’ लिहिले. पण समासात एक खूण करून ठेवली आहे. कंपनीच्या तोंडी शब्द आला तेथे ‘ग्राहक’ तसाच राहू दिला. वाचणाऱ्याला फरक दिसावा म्हणून.